पहिली ते चौथीचा गृहपाठ: वाचन आणि गणिताबद्दल पालकांना काय कळवायचं, कसं कळवायचं

"पान ३४ वरील उदाहरणे सोडवून घ्यावीत." संध्याकाळी पाच वाजता वर्गाच्या ग्रुपवर असा मेसेज पडतो. फोन वडिलांच्या खिशात असतो आणि वडील शेतावर किंवा कामावर. साडेआठला फोन घरी येतो, आई मेसेज बघते, मुलाला बसवते. मुलाला जमत नाही. ताई सांगते, मूल लिहितं. दुसऱ्या दिवशी वहीत दहाच्या दहा गणितं बरोबर असतात आणि वर्गात फळ्यावर त्यातलं एकही येत नाही.

यात पालकांनी कुठे कसूर केली? त्यांना सांगितलं तेवढं त्यांनी केलं. पान कोणतं हे त्यांना कळलं. आपण स्वतः काय करायचं, किती वेळ करायचं आणि कुठे सोडून द्यायचं हे कुणी सांगितलंच नव्हतं. पुढचं सगळं या तीन गोष्टी घरापर्यंत पोचवण्याबद्दल आहे. डोळ्यांसमोर जिल्हा परिषदेची किंवा अनुदानित मराठी शाळा आहे: वर्गात तीसेक मुलं, एक शिक्षक, कधी एका शिक्षकाकडे दोन वर्ग.

आधी गृहपाठाचं माप

केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठ देऊच नये असं म्हटलं आहे. तिसरी ते पाचवीसाठी मर्यादा आहे आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास. शाळेचे सहा दिवस धरले तर रोजची वीस मिनिटं होतात. दहा वाचनाला, दहा गणिताला. परिसर अभ्यासाचा तक्ता किंवा चित्र चिकटवायचं काम दिलंत तर तेही याच वीस मिनिटांतून कापायचं. पहिली-दुसरीला वहीतलं काही नकोच. पाच-दहा मिनिटं पुस्तक उघडून बसणं आणि भाजी निवडताना दोन हिशेब तोंडी, एवढंच पालकांना सांगायचं. त्याला गृहपाठ म्हणू नका, नाहीतर घरी कुणीतरी चार रेघी वही काढतंच.

पालकांना कळवणं ही शिक्षकाची मर्जी नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २४ मध्ये शिक्षकाच्या कर्तव्यांत पालकांच्या नियमित बैठका घेऊन मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता आणि प्रगती त्यांना सांगणं हे स्पष्ट लिहिलेलं आहे. पण वर्षातल्या चार सभांवर हे भागत नाही. सभेला जे येतात त्यांची मुलं बहुतेक ठीकच चाललेली असतात.

जूनमध्ये भरायचं एक पान

शाळा सुरू झाल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत हजेरीच्या वहीमागे एक तक्ता आखा. प्रत्येक मुलापुढे पाच रकाने: घरातला फोन कुणाचा, तो किती वाजता घरी असतो, घरात मराठी वाचता कुणाला येतं, घरी कोणती भाषा बोलतात, आणि संध्याकाळी मुलाजवळ कोण असतं. पाचवा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा. पटावर नाव वडिलांचं असतं, पण मुलाजवळ बसते आजी, चुलती किंवा सातवीतली बहीण. चिठ्ठी तिच्यासाठी लिहायची आहे.

हा तक्ता भरायला घरोघरी फिरावं लागत नाही. पहिली-दुसरीला सोडायला कुणीतरी येतंच, दारात उभ्या उभ्या दोन मिनिटांत होतं. उरलेल्यांचं मुलं स्वतः सांगतात. "वाचता येतं का?" असं थेट विचारू नका, लोक ओशाळतात आणि हो म्हणतात. "चिठ्ठी दिली तर घरात कोण वाचून दाखवेल?" असं विचारलं की खरं उत्तर मिळतं.

तक्ता भरला की चित्र समोर येतं. समजा तीसपैकी अकरा घरांत फोन रात्री आठनंतर येतो आणि सात घरांत संध्याकाळी वाचणारं कुणी नाही. मग पाचचा मेसेज आणि छापील परिपत्रक, दोन्ही या घरांसाठी वाया.

आठवड्याची एक चिठ्ठी

रोज कळवू नका. रोजचा मेसेज पहिला आठवडा वाचला जातो, दुसऱ्या आठवड्यापासून गुड मॉर्निंगच्या फुलांबरोबर वर सरकतो. आठवड्याला एकच चिठ्ठी द्या, ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या रंगाच्या किंवा आकाराच्या कागदावर. दिवस कोणता? नोकरदार वस्तीत शनिवार, कारण रविवारी घरात सगळे असतात. खेड्यात मात्र बऱ्याच ठिकाणी मजुरीला रविवारची सुट्टी नसते, सुट्टी आणि हप्ता असतो बाजाराच्या दिवशी. तिथे चिठ्ठी बाजाराच्या आदल्या दिवशी द्या.

चिठ्ठीत वाचनाची एक गोष्ट आणि गणिताची एक गोष्ट, यापेक्षा जास्त काही नको. तिसरीची चिठ्ठी अशी असू शकते:

"तिसरी. सोमवार ते शनिवार.
वाचन, रोज १० मिनिटं: मराठीचं पुस्तक, पान ४१. रोज एकच परिच्छेद. मूल वाचेल, तुम्ही शेजारी बसून ऐका. अडलं तर मनात पाचपर्यंत मोजा. तरी नाही आलं तर तो शब्द सांगून टाका.
गणित, रोज १० मिनिटं: हातच्याची वजाबाकी, रोज तीनच. वर्गात असं करतो: ४५ − २८. चार दशकांतला एक दशक सुटा केला. आता तीन दशक आणि पंधरा सुटे. पंधरातून आठ गेले, राहिले सात. तीनातून दोन गेले, राहिला एक. उत्तर १७.
कुठे थांबायचं: लागोपाठ दोन गणितं चुकली किंवा वीस मिनिटं झाली की वही बंद. चुकलेलं खोडू नका. तसंच पाठवा.
परत पाठवा (गोल करा): वाचन – जमलं / अडलं / झालं नाही. गणित – जमलं / अडलं / झालं नाही."

"कुठे थांबायचं" ही ओळ कधीही वगळू नका. ती नसेल तर पालक उत्तर येईपर्यंत थांबत नाहीत. आधी समजावणं, मग ओरडणं, मग उत्तर सांगणं. "चुकलेलं तसंच पाठवा" हे तर पहिले दोन महिने तोंडीही सांगावं लागतं, कारण चुकीची वही शाळेत पाठवणं म्हणजे घराची बेअब्रू असं अनेकांना वाटतं. शिक्षकाला खरं तर तीच वही हवी असते. ४५ − २८ चं उत्तर २३ आलं असेल तर मुलाने मोठ्यातून लहान अंक वजा केला (आठातून पाच, चारातून दोन), हे एका नजरेत कळतं. खोडून १७ केलेल्या वहीतून काहीच कळत नाही.

भाषा घरची ठेवा. "पाल्याकडून सराव करून घेऊन दृढीकरण करावे" हे वाक्य शाळेबाहेर कुणी बोलत नाही. "अध्ययन निष्पत्ती" हा शब्द पर्यवेक्षकांसाठी राहू द्या. चिठ्ठी लिहून झाली की शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंना किंवा गावातल्या कुणाला वाचायला द्या आणि विचारा, "यात तुम्ही घरी काय कराल?" त्या अडखळल्या तिथली ओळ बदला.

कागदाचा हिशेब: ए-फोरच्या एका कागदात दोन चिठ्ठ्या बसतात. तीस मुलांना आठवड्याला पंधरा कागद, पस्तीस आठवड्यांचे ५२५, म्हणजे वर्षाला एक रीम आणि वर पंचवीस. प्रिंटर नसेल तर हाताने एक लिहून झेरॉक्स काढा, अक्षर मोठं ठेवून. तेही शक्य नसेल तर रबरी शिक्का बनवून घ्या: "वाचन पान ___, गणित ___, २० मिनिटं झाली की थांबा, जमलं / अडलं / झालं नाही". तो वहीत उठवायचा आणि दोन जागा भरायच्या. तिसरी-चौथीची मुलं त्या स्वतः भरतात, पण पानांचे आकडे तोंडी सांगू नका, फळ्यावर लिहा. "चौतीस" ऐकून ४३ लिहिणारी मुलं प्रत्येक वर्गात असतात आणि मग घरी भलतंच पान उघडतं.

गणित: घरची रीत आणि वर्गातली रीत

गृहपाठावरून घरात होणारी निम्मी भांडणं इथे असतात. त्यामुळे गणिताच्या ओळीत सोडवलेलं एक उदाहरण असायलाच हवं, वर्गातल्या रीतीने आणि वर्गातल्या शब्दांत.

वजाबाकीच घ्या. काही घरांत आजोबा ४५ − २८ असं करतात: "पाचातून आठ जात नाहीत, पंधरातून आठ गेले सात. हातचा एक. एक आणि दोन तीन. चारातून तीन गेले एक." उत्तर १७, अगदी बरोबर. फरक एवढाच की त्यांनी हातचा खालच्या दोनमध्ये मिळवला आणि वर्गात आपण तो वरच्या चारातून काढतो. मूल दोन्ही एकत्र करतं. वरचा चार तीन करतं, खालचा दोनही तीन करतं आणि उत्तर येतं ०७. वहीत असं काही दिसलं तर मुलाला गणित येत नाही असं धरू नका. घरी दुसरी रीत शिकवली गेली आहे एवढंच. चिठ्ठीत एक ओळ घाला: "तुमची हातच्याची रीत बरोबरच आहे, पण चौथीपर्यंत कृपया वर्गातलीच वापरा. दोन्ही मिसळल्या की मूल गोंधळतं." आजोबांचा मान राहतो आणि कामही होतं.

संख्यानामांचं दुखणं मराठीत जुनंच आहे. "बावन्न" मध्ये बा आधी ऐकू येतो, लिहिताना पाच आधी लिहायचा. एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस तर पुढच्या दशकाचं नाव घेऊन येतात. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसच्या जोडीला "वीस एक" असं वाचन आणलं, तेव्हा वर्तमानपत्रांपासून विधानसभेपर्यंत चर्चा झाली. त्या वादात पालकांना कारण कुणी सांगितलं नाही, नुसता राग पोचला. तुम्ही वर्गात "पन्नास दोन" असं म्हणत असाल तर चिठ्ठीत सांगा: "मूल पन्नास दोन म्हणालं तर ते चूक नाही. त्यालाच बावन्न म्हणतात एवढं जोडून सांगा." अडचण नेमकी एकोण- वर असेल तर आठवडाभर तेवढंच द्या. जेवताना पाच प्रश्न: तीसच्या आधी काय, पन्नासच्या आधी काय, सत्तरच्या आधी काय.

आकड्यांच्या लिपीचं लक्षात येत नाही, पण ते रोज आडवं येतं. मराठी माध्यमाच्या पुस्तकात ४ असतो, तर फोनवर, एसटीच्या तिकिटावर, बिलावर इंग्रजी आकडे. देवनागरी ४ मुलांना इंग्रजी आठासारखा दिसतो आणि १ इंग्रजी नवासारखा. मोठी ताई इंग्रजी माध्यमात असेल तर ती वहीत सरळ इंग्रजी आकडे घालते. पहिली-दुसरीच्या पहिल्या चिठ्ठीच्या मागे दोन्ही आकडे समोरासमोर छापून टाका आणि वर्गात सध्या कोणते चालू आहेत ते लिहा.

पाढ्यांबद्दल पालकांना सांगायची गरज नसते, ते म्हणून घेतातच. सांगायचं असतं ते मधूनच विचारायला. "सात चोक?" विचारल्यावर मूल "सात एके सात" पासून सुरू झालं तर पाढा तोंडात आहे, अजून हातात नाही. रागवायचं कारण नाही, रोज चार प्रश्न मधूनच विचारा.

वही नको असलेल्या घरांसाठी, आणि पहिली-दुसरीच्या सगळ्यांसाठी, काड्या हव्यात. झाडूच्या किंवा उदबत्तीच्या पन्नास काड्या, रबर बँडने दहा-दहाचे चार गठ्ठे आणि दहा सुट्या. ४५ दाखव म्हटलं की चार गठ्ठे आणि पाच काड्या पुढे याव्यात. २८ काढ म्हटलं की सुट्या काड्या पुरत नाहीत, गठ्ठा सोडावाच लागतो. न शिकलेली आजी हे पाहून सांगू शकते की नातवाला कळलं की नाही. बाजाराच्या दिवशी याच्याच जोडीला: वीसची मेथी, दहाची कोथिंबीर, पन्नासची नोट दिली, परत किती?

वाचन: काय ऐकायचं ते सांगा

"वाचन घ्यावे" या दोन शब्दांतून पालकांना काही कळत नाही. त्यांना सांगायला हवं की शेजारी बसा, समोर बसलात की मुलाला ती परीक्षा वाटते. बोट शब्दाखाली मुलाचं, तुमचं नको. अडलेल्या शब्दावर "क ला काना का, ग ला वेलांटी गि" अशी फोड करायला लावू नका. फोड पूर्ण होईपर्यंत वाक्याची सुरुवात विसरलेली असते. पाचपर्यंत थांबा, शब्द अख्खा सांगा, पुढे जा. परिच्छेद संपल्यावर एकच प्रश्न: "काय झालं मग?"

एका छोट्या पानावर पाचापेक्षा जास्त शब्द अडले तर ते पान मुलासाठी अवघड आहे, हे पालकांना स्पष्ट सांगा, आणि अशा वेळी काय करायचं तेही: ते पान तुम्ही वाचून दाखवा किंवा मागचं सोपं पान घ्या, आणि चिठ्ठीवर "अडलं" ला गोल करा.

पहिली-दुसरीतली सगळ्यांत मोठी फसगत म्हणजे पाठांतर. धडा दहा वेळा ऐकून मूल तो पान न बघता म्हणतं, बोट भलत्याच ओळीवर फिरत असतं आणि घरी सगळे खूश. ओळखायची सोपी रीत चिठ्ठीत द्या: शेवटचं वाक्य आधी वाचायला सांगा. पालकांना वाचता येत नसेल तरी एक युक्ती चालते. पानाच्या मध्ये कुठल्याही शब्दावर बोट ठेवा आणि विचारा. दुसऱ्या दिवशी त्याच शब्दावर पुन्हा बोट ठेवा. दोन्ही दिवशी उत्तर एकच आलं तर मूल वाचतंय. वेगळं आलं तर अंदाज मारतंय.

जोडाक्षरांच्या काळात एका आठवड्याला एकच प्रकार कळवा. र चंच चार तऱ्हेचं रूप आहे: पर्वतातला डोक्यावरचा, चक्रातला, राष्ट्रातला आणि सुऱ्यातला. सगळे एका आठवड्यात दिले तर घरी कुणालाच धागा लागत नाही. "या आठवड्यात डोक्यावरचा र. भिंतीवरच्या कॅलेंडरवर शोधा" असं लिहा. चतुर्थी, पौर्णिमा, मार्च सापडतात आणि कालनिर्णय असेल तर खुद्द नावातही. दुकानांच्या पाट्या, एसटीवरची गावांची नावं हेही फुकटचं वाचनपुस्तक आहे.

आता वेगाचं. जुलै २०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत या केंद्राच्या पायाभूत वाचन-गणिताच्या अभियानात दुसरीच्या शेवटी मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीच्या शेवटी किमान ६० शब्द समजून वाचता यावेत असं उद्दिष्ट आहे. हे माप शिक्षकाने घ्यायचं: न पाहिलेला उतारा, एक मिनिट, वाचलेल्या शब्दांतून चुकलेले वजा. पालकांना हा आकडा सांगू नये असं आमचं मत आहे. सांगितला की फोनचं स्टॉपवॉच सुरू होतं, मूल विरामचिन्हं गिळून पळतं आणि अर्थ मागे राहतो. त्याऐवजी "बोलल्यासारखं वाचतो का?" हे विचारा. आई ते बरोबर सांगते.

फोनवरून कळवायचं असेल तर

चिठ्ठी मुख्य, फोन तिचा मदतनीस. ग्रुपमध्ये फक्त अ‍ॅडमिनला लिहिता येईल अशी सेटिंग ठेवा, नाहीतर तुमची चिठ्ठी वाढदिवसांखाली जाते. ब्रॉडकास्ट लिस्टने एकमेकांचे नंबर कुणाला दिसत नाहीत, हा तिचा फायदा. आयांचे नंबर ग्रुपमध्ये उघडे पडू नयेत असं अनेक घरांना वाटतं. पण तुमचा नंबर ज्यांनी सेव्ह केलेला नाही त्यांना ब्रॉडकास्ट पोचतच नाही. त्यामुळे जूनमध्ये दारात उभं राहूनच नंबर सेव्ह करून घ्या. रिचार्ज संपला की नंबर बदलणारी घरंही असतात, दिवाळीनंतर तक्ता पुन्हा तपासा.

वाचता न येणाऱ्या घरांसाठी आवाजी मेसेज. तीस-चाळीस सेकंदांपेक्षा मोठा नको आणि त्यात एकच काम: "नमस्कार, तिसरीच्या वर्गातून बोलतोय. या आठवड्यात रोज तीन वजाबाक्या. मुलाला काड्या घेऊन करू द्या. दोन चुकल्या की थांबा. चुकलेलं खोडू नका." पंख्याखाली रेकॉर्ड करू नका. घरी गोरमाटी, पावरी, कोरकू अशी भाषा असेल तर तीच वाक्यं त्या भाषेत वरच्या वर्गातल्या मुलाकडून किंवा अंगणवाडीताईंकडून बोलवून घ्या.

फोटो पाठवायचा तर अख्ख्या फळ्याचा नको. एक गणित, मोठं लिहिलेलं, फळ्यावर ऊन पडत नसताना आणि कडा कापून. वेळ जूनच्या तक्त्यातून ठरवा, बहुतेक वेळा ती आठच्या पुढेच निघते.

मुलांच्या वह्यांचे, गुणांचे फोटो ग्रुपवर कधीही टाकू नका, चांगल्या वह्यांचेसुद्धा. तीसपैकी पाच वह्यांचं कौतुक झालं की पंचवीस घरांत "तुझी का नाही?" सुरू होतं आणि पुढच्या आठवड्यापासून ताई सुवाच्य अक्षरात लिहायला लागते.

चिठ्ठी परत आली नाही तर

खालची पट्टी कातरून घ्या आणि हजेरीच्या वहीत तीन खुणा करा: आली, कोरी आली, आली नाही. तीन आठवड्यांनी बघा. पाच-सहा घरांतून काहीच येत नसेल तर त्यांच्याशी बोला, बाकीच्यांना "काही पालक सहकार्य करत नाहीत" असा मेसेज टाकू नका. तो नेमका सहकार्य करणाऱ्यांनाच लागतो. निम्म्या पट्ट्या येत नसतील तर दोष चिठ्ठीत आहे: मजकूर जास्त, दिवस चुकीचा, किंवा ती दप्तराच्या तळाशीच राहते. तळाशी राहत असेल तर चिठ्ठी डब्याच्या पिशवीत घालायला सांगा. ती पिशवी घरी कुणीतरी उघडतंच.

सगळे "जमलं" ला गोल करतात हीसुद्धा काळजीची बाब. अशा आठवड्यात सोमवारी पहिल्या दहा मिनिटांत त्याच प्रकारचं एक गणित वर्गात द्या. घरी जमलेलं वर्गात जमत नसेल तर घरी कोण करतं ते कळेल. मुलाला सगळ्यांसमोर विचारू नका. पुढच्या चिठ्ठीवर त्या घरासाठी हाताने लिहा: "या वेळी त्याला एकट्याला करू द्या, चुका मला बघायच्या आहेत."

मूल मागे असेल तेव्हा

"अभ्यासाकडे लक्ष द्या" हे मराठी शाळेतलं सर्वांत निरुपयोगी वाक्य असावं. लक्ष कशाकडे द्यायचं हे त्यात नसतं, म्हणून लक्ष शेवटी मुलाच्या पाठीकडे जातं. सांगायचं ते चार गोष्टींत: काय येतं, नेमकं कुठे अडतं, घरी कोणती एकच गोष्ट करायची, आणि पुन्हा कधी बोलायचं. "तिला दोन अक्षरी शब्द सहज येतात. काना असला की वाचते, वेलांटी आली की ऱ्हस्व-दीर्घात अडते. दहा दिवस रोज वेलांटीचे पाच शब्द घ्या, मी चिठ्ठीवर लिहून देतो. पुढच्या शनिवारी सोडायला याल तेव्हा पाच मिनिटं बोलू." हे फोनवर किंवा समोर, ग्रुपवर कधीच नाही. फोन आजीने उचलला तर आजीलाच सांगा, मुलाजवळ बसणारी तीच आहे.

उलट टोकाचे पालकही असतात, शहरात जास्त: "सर, गृहपाठ फारच कमी आहे." त्यांना जास्तीची पानं देऊ नका. दप्तर धोरणातली दोन तासांची मर्यादा सांगा आणि जास्तीचा वेळ गोष्टीची पुस्तकं वाचून दाखवण्यात घाला म्हणा. शिकवणी लावलेली असेल तर तुमची चिठ्ठी क्लासच्या मॅडम वाचतात, आई नाही. वजाबाकीची रीत मॅडमनाही कळू द्या, बरंच झालं. वाचनाची दहा मिनिटं मात्र घरचीच असावीत, हे लिहून कळवा.

सभेत भाषण नको, काड्या वाटा

पालक सभेत किंवा माता पालक गटाच्या बैठकीत गृहपाठाचं महत्त्व सांगण्यात वेळ घालवू नका. आलेल्या प्रत्येकाच्या हातात पन्नास काड्या द्या आणि ४५ − २८ करायला लावा. दहा मिनिटांत गठ्ठा सोडण्याचं कारण त्यांच्या बोटांना कळतं. मग एका मुलाला वाचायला बसवा आणि एका आईला शेजारी बसून फक्त ऐकायला सांगा. बाकीचे बघतील. ज्या आईच्या घरून पट्टी दर आठवड्याला येते तिलाच दाखवायला सांगितलं तर शिक्षकाने सांगण्यापेक्षा ते जास्त पोचतं.

स्थलांतर करणारी घरं

ऊसतोडीला जाणारी कुटुंबं साधारण दिवाळीच्या आसपास निघतात आणि एप्रिल-मेपर्यंत परततात. मूल आजीकडे राहणार असेल तर निघण्याआधी जूनचा तक्ता बदला: आता चिठ्ठी आजीसाठी, आवाजी मेसेज फडावरच्या आईसाठी. रात्री आई मुलाला फोन करते तेव्हा "आज काय वाचलंस, सांग बघू" एवढं विचारलं तरी दहा मिनिटं वसूल होतात. मूल सोबत जाणार असेल तर शिक्षण हमी कार्डासोबत (स्थलांतर करणाऱ्या मुलाला दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावं म्हणून शाळा देते ते कार्ड) चार आठवड्यांच्या चिठ्ठ्या पिनने टोचून द्या आणि वर लिहा: वाचन कुठपर्यंत (अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट), संख्या कुठपर्यंत, बेरीज-वजाबाकी हातच्याशिवाय की हातच्यासह. तिकडच्या शिक्षकाला मूल पहिल्यापासून तपासत बसावं लागत नाही.

एप्रिलमध्ये शेवटची चिठ्ठी उन्हाळ्याची. रोजची वीस मिनिटं सुट्टीत कुणी पाळत नाही, म्हणून ती दहाच लिहा: रोज एक पान मोठ्याने आणि आठवड्यातून एकदा बाजाराचा हिशेब. वर्षभराच्या पट्ट्या मुलांच्या नावाने एका पाकिटात घालून पुढच्या वर्गशिक्षकाकडे द्या. पाकिटावर तीनच गोष्टी लिहा: मुलाजवळ संध्याकाळी कोण असतं, फोन किती वाजता लागतो, आणि घरी हातचा कुठे मिळवतात, वर की खाली.